मालवणच्या धक्क्यावर वेंगुर्ल्याचा नारळ

कोल्हापूरच्या माणसाला दुसऱ्या गावाचं कौतुक पटकन जमत नाही. त्यातून मी शाळेत भूगोल शिकवते. गावोगावची पिकं, नद्या आणि पावसाचं मान मला तोंडपाठ आहे, पण आपलं सोडून कुठलं गाव डोक्यावर घ्यावं असं कधी वाटलं नव्हतं. अठ्ठावन्न सालच्या या श्रावणात मात्र मी एक सोडून दोन गावं डोक्यावर घेऊन परत आले. तेव्हापासून आमच्या शिक्षकांच्या खोलीत रोज एकच प्रश्न चालू आहे, मालवण चांगलं की वेंगुर्लं? प्रत्येकीला वेगळं सांगून घसा बसला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते आहे.

खरं सांगायचं तर मी गावं पाहायला निघालेच नव्हते. मला इंदूने बोलावलं होतं. इंदू माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं आणि सासर मालवणचं. नवरा आगबोटीवर नोकरीला, म्हणजे वर्षातून एकदा उगवणारा. इंदू शिकवायला बसली की वर्गातल्या चिमण्यासुद्धा गप्प होतात, आणि अशी ही बाई लग्न झाल्यापासून सासऱ्यांच्या घरी नारळ सोलत बसली होती. मालवणात तिच्याजोगी जागा निघत नव्हती. आता वेंगुर्ल्याच्या मुलींच्या शाळेत निघाली होती. तिथल्या मोठ्या बाई तिच्यासाठी थांबायला तयार होत्या, पण नारळी पौर्णिमेपर्यंतच. त्यानंतर ती जागा सावंतवाडीच्या कुणा बाईंना मिळणार होती. माहेरी आई एकटी, गुडघ्यांनी अधू. म्हणजे तिथे राहण्याचीही सोय होती. अडचण एकच होती. सासरे, म्हणजे तात्या, हो म्हणत नव्हते.

"तू ये," इंदूने कळवलं होतं. "पाहुण्यांसमोर मामंजी ओरडत नाहीत."

ते ओरडतात. हे आधीच सांगून ठेवते.

फोंडाघाट

घाटातला प्रवास मी वगळते, कारण त्यातला बराचसा मी डोळे मिटून केला. घाट उतरल्यावर गाडी फोंड्याच्या बाजारात थांबली आणि माझ्यातला भूगोल जागा झाला. वर राधानगरीला अंगावर शहारा आणणारा गारठा, आणि इथे एकदम उकाडा, ओल्या पाचोळ्याचा वास आणि अंगाला चिकटणारी हवा. माती लाल. भिंती त्याच लाल जांभ्या दगडाच्या. आमची काळी माती पायाला चिकटली तर बिचारी निमूट वाळते, ही लाल माती लुगड्याला लागली की कायमची सोबतीण होते.

शेजारच्या बाकावर उस्मानभाई म्हणून मालवणचे एक वयस्क व्यापारी होते. सुंभाचा, म्हणजे काथ्याच्या दोरीचा त्यांचा धंदा. माझ्या हातात त्यांनी न विचारताच चहाचा पेला दिला आणि मग विचारलं, "खंय जातास बाई?"

"मालवणला. समुद्र पाहायचाय, आणि मासे खायचेत."

उस्मानभाई इतके हसले की चहा बशीत सांडला. "श्रावणात मासळी? दर्यो बंद आसा, बाई. पुनवेक नारळ पडल्याबगर होडी पाण्यात जावची नाय. तुमी उपासाच्या महिन्यात जेवणाक इल्यात!"

म्हणजे इतकी वर्षं मी मुलींना मोसमी वारे शिकवले, पण त्या वाऱ्यांत मासेमारी बंद असते हे माझ्या ताटापर्यंत पोचलं नव्हतं. मी कुणाकडे उतरणार ते ऐकल्यावर तर त्यांनी हसणं थांबवून माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"तात्यांकडे? माणूस सोन्यासारखो. पण आवाज मोठो. आणि एक सांगतंय, थंय येंगुर्ल्याचां नाव काढू नका."

"का?"

"काढल्यार कळात," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मालवण

मालवणात गाडीतून उतरलं की समुद्र शोधावा लागत नाही. तो गल्लीच्या टोकाशी उभा असतो. इंदू मला घरी न नेता आधी धक्क्यावर घेऊन गेली. मी फळ्यावर निळ्या खडूने जो समुद्र काढत आले होते, तो हा नव्हताच. काठाशी तो गढूळ तांबूस होता, पुढे हिरवट, आणि त्याहून पुढे काळ्या खडकांवर आपटून पांढरा होत होता. त्या पांढऱ्याच्या पलीकडे सिंधुदुर्ग. पाण्यात उभा, चारी बाजूंनी भिजलेला, जराही न हललेला. मला रडू आलं. इंदू म्हणाली, "रड, रड. इथे सगळ्यांना येतं." मी पदराने तोंड पुसलं, तर वाऱ्याने तोपर्यंत ते खारट करून ठेवलं होतं.

मालवणचं सौंदर्य असं अंगावर धावून येणारं आहे. चिवल्याच्या किनाऱ्यावर माड इतके पुढे वाकलेले की समुद्राचं काहीतरी चोरून ऐकताहेत असं वाटतं. मोरयाच्या धोंड्यापाशी उभं राहिलं की एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला गाव, आणि पायांखाली लाटेचा दणका. कुठे बघू आणि कुठे नको असं होतं. डोळ्यांना क्षणभर विसावा म्हणून नाही.

आणि माणसंही तशीच. बाजारात माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तर पाहता पाहता अर्धी गल्ली गोळा झाली. एकाने दोरी आणली, दुसऱ्याने ती दोरी कशी कुचकामी आहे ते सांगितलं, तिसऱ्याने चांभार आज घरी नसल्याची बातमी दिली आणि चांभार घरी का नसतो यावर मग दोघांचं भांडण लागलं. केळी विकणाऱ्या एका बाईने माझा हात धरून मला आपल्या फळीवर बसवलं.

"घोव खंय तुमचो?" तिने विचारलं.

"लग्न केलं नाही."

"कित्याक?"

"जमलं नाही."

तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एक केळं सोलून हातात दिलं. "बरां झालां. खावा."

कोल्हापुरात हाच प्रश्न मला लोक गेली कित्येक वर्षं डोळ्यांनी विचारतात आणि तोंडाने हवापाण्याचं बोलतात. मला मालवणची रीत जास्त आवडली.

आता तात्या. घर बंदराजवळ, पुढे नारळ-सुंभाचं दुकान, मागे माडांची बाग. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा, आणि हाताचे पंजे असे की नारळ त्यात लिंबासारखा दिसावा. माझ्याशी ते शाळेतल्या मराठीत बोलत. प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवल्यासारखा. जेवायला काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या होत्या. मासे न मिळाल्याचं दुःख मी त्या सांबाऱ्यात बुडवलं आणि विसरले. इंदूच्या सासूबाई, माई, वाढत होत्या. बोलत अगदी कमी, पण आंबोळी संपायच्या आत दुसरी पानात पडत होती.

"बाई, आपण काय काय पाहणार आहात?" तात्यांनी विचारलं.

उस्मानभाईंनी बजावलेलं मला आठवत होतं. पण मीही कोल्हापूरची. म्हटलं, "मालवण पाहिलं. आता वेंगुर्लं पाहीन."

तात्यांनी घास ताटात ठेवला. "वेंगुर्ल्यात पाहण्यासारखे काय आहे?"

"समुद्र असेल ना?"

"समुद्र?" इथे त्यांची इस्त्री मोडली. "थंयचो दर्यो पण आळशी! लाट येता ती निजाक येता. आणि माणसां? पाच दिस शेजारी रवलास तरी नाव इचारूची नाय!"

इंदूने ताटाकडे पाहतच म्हटलं, "मामांनू, शाळेचां काय सांगू? मोठ्या बाई वाट बघतत."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघूनच ते बोलले, जणू मी साक्षीदार होते. "मालवणच्या घरातली सून येंगुर्ल्याक चाकरी करतली? सगळो बाजार हसात माका! माझो नारळ येंगुर्ल्याच्या नारळान फोडलो, काय त्या दिवशी जा म्हणतंय तुका. तवसर ह्यो विषय घरात नको!"

माईंनी माझ्या पानात आणखी एक आंबोळी टाकली. नंतर ओट्यावर इंदूने मला खुलासा केला. नारळी पौर्णिमेला धक्क्यावर नारळ लढवतात. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर मारायचं, मग पाळी बदलायची. ज्याचा फुटेल तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. तात्यांचा नारळ फोडणारा माणूस मालवणात आता उरलेला नव्हता.

"म्हणजे ते नाहीच म्हणालेत," मी म्हटलं.

"हो," इंदू म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट होता की मला तात्यांच्या ओरडण्याहून त्याचीच भीती वाटली. वर्गात चिमण्यांना गप्प करणारी माझी मैत्रीण अशी बोलत नसे.

वेंगुर्लं

माईंनी दुसऱ्या दिवशी आपणहून इंदूला आईकडे जायला सांगितलं, "आवशीक भेटान ये गो. पुनवेच्या आदी परत ये." तात्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कुडाळला गाडी बदलून आम्ही वेंगुर्ल्याला पोचलो.

इथे समुद्र तुम्हाला गाडीतळावर भेटायला येत नाही. त्याला भेटायला जावं लागतं. लाल रस्ता काजूच्या झाडांमधून वळत वळत जातो, दोन्ही बाजूंना झाडून-सारवून ठेवलेली अंगणं, आणि समुद्राचा नुसता आवाज. मग टेकडी. टेकडीवर दीपगृह. धापा टाकत वर गेलं की एकाएकी सगळं उलगडतं. खाली बंदराचे खडक, एका अंगाला डोंगराची रांग सरळ पाण्यात उतरलेली, दुसऱ्या अंगाला सागरेश्वराच्या देवळापुढची वाळू, इतकी लांब की तिचं टोक पावसाच्या धुरात हरवलेलं. माणूस औषधाला नाही. लाटा खरोखर येत होत्या आणि निजत होत्या. तात्या खोटं बोलले नव्हते, पण या निजण्यातली शोभा त्यांना ठाऊक नव्हती. मालवणला मी रडले होते, इथे मी कितीतरी वेळ नुसती गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचं मोल माझ्या वर्गातल्या मुली सांगतील.

उतरताना शेवाळलेल्या पायरीवर पाय सरकला आणि मी भर रस्त्यात चिखलात फतकल मारून बसले. समोरच्या ओट्यावर दोन गृहस्थ बसले होते. मालवणात एव्हाना जत्रा जमली असती. या दोघांनी मान वळवून, मोठ्या काळजीने, माडाच्या शेंड्याकडे पाहायला सुरुवात केली. मी उठून, लुगडं झटकून चालू लागेपर्यंत त्यांची मान खाली आली नाही. मात्र थोडं पुढे गेलो तोच त्यांच्यापैकी एकाच्या घरातली बाई मागच्या दाराने येऊन पाण्याची कळशी आणि पंचा आमच्या पुढल्या फाटकाशी ठेवून गेली. एक अक्षर बोलली नाही. हे वेंगुर्लं. मालवण तुमचं दुःख वाटून घेतं, वेंगुर्लं तुमची फजिती झाकून ठेवतं.

शाळा मला फार आवडली. कौलारू, हवेशीर, पुढे जास्वंदीचं कुंपण. मोठ्या बाईंनी इंदूला एक वर्ग दाखवला. इंदू आत गेली, फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडलेलं गणित होतं ते तिने सहज पूर्ण केलं आणि हात झटकून बाहेर आली. बाहेर येताना तिचा चेहरा मी पाहिला. तेवढ्या वेळात ती दहा वर्षांनी लहान झाली होती.

"पौर्णिमेनंतरच्या सोमवारी तुम्ही आला नाहीत, तर मला दुसरीकडे कळवावं लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या. बोलणं मऊ, पण त्यात एक दिवस इकडचा तिकडे होणार नव्हता.

इंदूची आई, आये, ओट्यावर पाय पसरून बसली होती. तिने आम्हाला हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाढल्या. मी किती खाल्ल्या ते लिहीत नाही. तात्या काय म्हणाले ते इंदूने सांगितलं, तर आये चिडण्याऐवजी हसायला लागली.

"तेका आमचे आप्पा फोडीत होते गो," ती मला म्हणाली. "दर पुनवेक आप्पा नारळ घेवन मालवणाक जायत. तात्या आरडत, 'येंगुर्ल्याचो आसा काय रे कोण?' की आप्पा म्हणत, 'आसा!' कधी हे जिंकत, कधी ते. तेच्यातसून तर हिचां लगीन जमलां."

आप्पा म्हणजे इंदूचे वडील, ते जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. आये पातोळीचं पान उलगडत म्हणाली, "तात्या माणूस बरो आसा. तेका हरवणारो कोण रवलो नाय, म्हणान आरडता."

मी इंदूकडे पाहिलं. ती विहिरीकडच्या माडाकडे बघत होती. तो आप्पांनी लावलेला. त्याचे नारळ लहान, गोल आणि लोखंडासारखे, खोबरं कमी म्हणून बाजारात कुणी विचारत नाही. आयेने माळ्यावरून त्याच नारळांची पाटी काढायला लावली. इंदू एकेक नारळ उचलून बोटाच्या पेराने वाजवायची, कानाशी न्यायची, बाजूला ठेवायची. हे सगळं ती इतक्या सवयीने करत होती की माझ्या डोक्यात प्रकाश जरा उशिराच पडला.

"इंदे, तुला येतं हे?"

"आप्पांना मुलगा नव्हता," ती म्हणाली. "सराव कुणाबरोबर करणार?"

"मग लढव ना!"

"धक्क्यावर बायका नारळ लढवत नाहीत, शालन."

"लढवू नयेत असं कुणी सांगितलंय?"

तिने विचार केला. "सांगितलं कुणी नाही," ती म्हणाली, आणि शेवटचा वाजवलेला नारळ बाजूला न ठेवता पिशवीत टाकला.

पुनव

पौर्णिमेच्या दिवशी मालवण घरात नसतंच. दुपारपासून सगळे रस्ते एकाच बाजूला वाहत होते. सरींमधून ऊन पडत होतं. ढोलताशे वाजत आले, सोनेरी कागदात गुंडाळलेला मानाचा नारळ आला, गाऱ्हाणं झालं, आणि प्रत्येक मागणीला सगळा धक्का एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणत गेला. नारळ पाण्यात पडला तेव्हा मला खरोखर वाटलं की समुद्र एक पाऊल मागे सरला. आमच्याकडे बेंदराला बैल सजवून मिरवतात तेव्हा अंगात असंच काहीतरी भरून येतं. इतके दिवस दारावर दणके देणाऱ्याशी या लोकांनी आज गोडीगुलाबीने तह केला होता.

मग नारळ लढायला लागले. धक्काभर ठकाठक आवाज. पांढरं धोतर, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट अशा थाटात तात्या मधोमध उभे होते. समोर येईल त्याचा नारळ एका-दोन वारांत फुटत होता आणि फुटलेली भकलं त्यांच्या पायाशी साचत होती. पंच म्हणून उभे होते आमचे उस्मानभाई. आम्ही बायका बाजूच्या पायऱ्यांवर होतो. इंदू माझ्या शेजारी, पिशवी छातीशी धरून.  मी तिचा हात दाबला.

समोर येणारं कुणी उरलं नाही, तेव्हा तात्यांनी नारळ वर धरला आणि साऱ्या बंदराला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"येंगुर्ल्याचो आसा काय रे कोण?"

लोक हसले. वर्षानुवर्षांची आरोळी, सवयीने हसले. पण मी तात्यांकडेच बघत होते. आरोळी दिल्यावर ते हसले नाहीत. ते थांबले. गर्दीतून कुणीतरी वाट काढत येईल, म्हणून माणूस थांबतो तसे. आणि मला एकदम आयेचं बोलणं पटलं. मला आतापर्यंत या म्हाताऱ्याचा जो राग येत होता, तो तिथेच ओसरला.

"आसा, मामांनू."

इंदू उठली होती. डोक्यावरून पदर घेऊन ती पायऱ्या उतरत होती. ढोल वाजवणारेसुद्धा थांबले. गर्दीने दोन बाजूंना होऊन वाट दिली आणि ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. मान खाली, पण हात पुढे, आणि हातात तो लहानसा गोल नारळ.

"बायलमाणूस नारळ लढयतली?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तुझो कोणी फोडलो मगाशी? बापयमाणसान ना? मगे तू गप रव," उस्मानभाई म्हणाले.

तात्या हलले नाहीत. त्यांच्या तोंडावर राग होता की काय, मला तेव्हा सांगता आलं नसतं. मग त्यांनी नारळाकडे बोट करून विचारलं, "कोणाचो ह्यो?"

"आप्पांच्या माडाचो. बावीकडच्या."

त्यांनी नारळ तिच्या हातातून घेतला, पेराने वाजवला, कानाशी नेला. त्यांचे डोळे क्षणभर मिटले. मग त्यांनी तो परत दिला. "बरो आसा," ते म्हणाले. "मार. पयलो मान पावण्याचो."

"मी पावणी नाय, मामांनू," इंदू म्हणाली. "मी ह्या घरची. तुमी मारा."

तिने नारळ दोन्ही मुठींत धरला आणि कोपर पोटाशी घट्ट लावलं. तात्यांनी मारला. इतक्या जोरात, की बायकांतून किंकाळी उठली. इंदू पायाखालच्या दगडासारखी जागची हलली नाही. उस्मानभाईंनी नारळ फिरवून पाहिला. चीर नाही. आता तात्यांनी धरला, इंदूने मारला. तो नुसता वाजला. परत तात्या. परत इंदू. प्रत्येक वारानंतर उस्मानभाई नारळ फिरवून बघत आणि मान हलवत, आणि प्रत्येक वेळी धक्क्यावरचा आवाज खाली खाली जाई. मी देवाला काय काय बोलले ते मला आठवत नाही. अंबाबाईपासून सागरेश्वरापर्यंत कुणालाही सोडलं नसेल. इंदूचा नारळ फुटला तर त्या कौलारू शाळेतला तो वर्ग, तो फळा, ते जास्वंदीचं कुंपण, सगळं गेलं होतं.

पुढच्या वाराला इंदूने मारायच्या आधी नारळ हातात किंचित फिरवला. आवाज आला तो वेगळा होता. ठक नव्हे, फट्. तात्यांच्या मुठीतून पाण्याची धार निघाली, कोटाच्या बाहीवरून कोपरापर्यंत गेली आणि धक्क्यावर टपटपायला लागली.

 मग एक भयंकर आरोळी ऐकू आली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा ती मीच मारली होती असं कळलं. आमच्याकडे कुस्तीच्या फडात मारतात तशी. एकदा बांध फुटल्यावर सगळं मालवण ओरडायला लागलं. ढोल वाजायला लागले. केळीवाली माझ्या गळ्यात पडून नाचत होती.

तात्या फुटलेल्या नारळाकडे बघत उभे होते. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. मग त्यांनी इंदूचा हात धरला, तिच्या नारळासकट वर उचलला, आणि आपल्या मोठ्या आवाजात साऱ्या बंदराला सांगितलं, "बघितलास? नारळ येंगुर्ल्याचो, पण हात कोणाचो? मालवणच्या सुनेचो! जिंकला कोण? मालवण!"

"व्हय म्हाराजा!" उस्मानभाई म्हणाले, आणि सगळा धक्का हसण्यात बुडाला.

त्या गोंधळातच तात्यांनी खाली वाकून विचारलं, "शाळा कधी?"

"सोमवारी," इंदू म्हणाली.

"मगे हंय काय करतंस उबी रवान? पेटी भरूक नको?"

परतताना

संध्याकाळी माईंनी तात्यांच्या फुटक्या नारळाचा नारळीभात केला. फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा, म्हणून पहिला घास इंदूने घ्यायचा असा तात्यांनी हुकूम सोडला, आणि स्वतः तीनदा वाढून घेतला. दुसऱ्या दिवशी होड्या पाण्यात गेल्या. माझ्यासाठी मासे मात्र आले नाहीत, कारण माईंचा श्रावण संपायला अजून अर्धा महिना होता.

तर आता मैत्रिणींच्या प्रश्नाचं उत्तर. थकून गेलात आणि कुणाशी बोलायचं नसेल तर वेंगुर्ल्याला जा, टेकडीवर चढा आणि ती लांबलचक वाळू बघत बसा. मरगळ आली असेल तर मालवणला जा, तिथला समुद्र आणि तिथली माणसं तुम्हाला बसू देणार नाहीत. आणि जमलं तर एकापाठोपाठ एक दोन्ही बघा. एक गाव पाहिल्याशिवाय दुसऱ्याची चव कळत नाही. एकाचा पक्ष घेणं मला जमणार नाही, आणि तसं कुणी घेतलं तर मी भांडेन.

रविवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. कुडाळपर्यंत एकच गाडी, तिथून इंदू वेंगुर्ल्याला आणि मी घाटाकडे. तात्या गाडीतळावर स्वतः पेटी घेऊन आले होते. त्यांनी कंडक्टरला दम भरला, "मालवणची मास्तरीण आसा. बरी जागा दी. आणि सुटीक परत हाडून सोडूची, सांगून ठेवतंय." मग त्यांनी खिडकीतून एक जड पिशवी आत सरकवली.

"ह्यां काय, मामांनू?" इंदूने विचारलं.

"नारळ. आमच्या बागेतले. आवशीक दी, म्हणावां माळ्यार सुकत ठेव." ते इकडेतिकडे बघत बोलत होते. "पुढच्या वर्सा नारळी पुनवेक मी येतलंय."

"खंय?"

"खंय म्हणजे? येंगुर्ल्याक! थंयच्या धक्क्यार उबो रवान इचारतलंय, मालवणच्या नारळाक फोडणारो आसा काय रे कोण!"

गाडी सुरू झाली. इतके दिवस ज्या बाईने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती आता हसत होती आणि रडत होती. खिडकीतून अर्धी बाहेर वाकून, माझ्या मैत्रिणीने वर्गातल्या आवाजात सासऱ्यांना उत्तर दिलं.

"येवा, मामांनू! पण थंय तुमी पावणे. पयलो वार तुमचो!"

तात्या लाल चिखलात उभे राहून हसत होते, आणि त्यांचं ते हसणं गाडीच्या आवाजावरून आम्हाला वळणापर्यंत ऐकू येत होतं.